रुग्णालयातील ज्येष्ठ डॉक्टरांचा प्रतिनिधी कोण?

हिंगोली शहरात पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत. निजामाच्या पैशाने पोसलेल्या व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी एकोणिसाव्या शतकात येथे होती, त्या काळच्या या खुणा होत. १९०३ साली कंटिंजंट हिंदुस्थानच्या फौजेत विलीन झाला, छावणी उठली, आणि मागे राहिली ती ही नावे. छावणी म्हटली की तिच्याबरोबर पलटणीचा शस्त्रवैद्य व त्याचा दवाखाना आलाच. त्या वैद्यास औषधे कमी पडली अथवा हाताखाली माणूस हवा असला, तर तो आपल्या कमांडिंग अधिकाऱ्यास लिही, तो अधिकारी वर लिही, आणि कागद अखेरीस रेसिडेन्सीत पोहोचे. हुकूम ज्या वाटेने खाली येई त्याच वाटेने विनंती वर जाई. दुसरी वाट नव्हती. लष्करी कारभारात ती असावी अशी अपेक्षाही कोणी करीत नाही.

पुढे लष्कर गेले, संस्थान गेले, लोकांनी निवडलेली विधानसभा आली, जिल्हा परिषद आली. परंतु सरकारी रुग्णालयातील ज्येष्ठ डॉक्टराच्या म्हणण्याला मात्र तीच एक वाट राहिली. तिला फाटे किती फुटले आणि ते कोठे जाऊन थांबले, एवढ्याच एका गोष्टीचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे. विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. तथापि सेनगावकडच्या एखाद्या खेड्यातील अडलेली बाळंतीण मध्यरात्री जिल्ह्याच्या गावी आणली जाते, तेथे भूलतज्ज्ञाची जागा रिकामी असल्याचे समजते, आणि तीच गाडी पुढे नांदेडच्या रस्त्यास लागते, तेव्हा हा रुक्ष विषय कोणाच्या तरी घरचा होतो. ती जागा किती दिवस रिकामी आहे व तिच्यावाचून काय काय अडते हे सर्वांआधी ठाऊक असते तेथल्या शल्यचिकित्सकास व स्त्रीरोगतज्ज्ञास. मात्र निर्णय होतो तेथे हे अधिकाराने सांगण्याची जागा त्यांना आहे काय, हा आमचा प्रश्न आहे.

इंग्रजी अमलात मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या मुख्य जागा इंडियन मेडिकल सर्व्हिस या सेवेकडे असत. ही सेवा मुळात लष्करी. तिचे अधिकारी शांततेच्या काळात मुलकी कामावर दिले जात आणि जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन होत. १८५५ पासून तिची परीक्षा स्पर्धेने होऊ लागली, पण ती लंडनमध्ये. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली निघाले होते व १८५१ साली त्याच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर बाहेर पडले. त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड हे एक होते. विद्वत्तेत, लोकमान्यतेत व सार्वजनिक कार्यात त्यांची बरोबरी करील असा गोरा सर्जन त्या वेळी मुंबईत सापडणे कठीण होते. १८५२ साली निघालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते, शहराचे शेरीफही ते दोनदा झाले. म्हणजे साऱ्या शहराच्या वतीने बोलण्याचा मान त्यांस मिळाला. सरकारी रुग्णालयाच्या वतीने बोलणारे मात्र निराळेच होते. १८९० नंतरच्या दशकात डॉ. बहादुरजी यांनी राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावरून मुलकी वैद्यकीय सेवा लष्करापासून वेगळी करावी अशी मागणी लावून धरली. ही मागणी नोकरीतल्या माणसाने करणे शक्यच नव्हते. ती केली स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याने. हा भेद पुढे वारंवार दिसणार आहे, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने द्विदल राज्यपद्धती आली. मध्यवर्ती सरकार व प्रांत यांच्यात कामे वाटून देणारे जे नियम त्या कायद्याखाली झाले त्यांच्या इंग्रजी नावाचाच अर्थ 'अधिकार खाली सोपविण्याचे नियम' असा आहे. वैद्यकीय कारभार व सार्वजनिक आरोग्य ही दोन्ही खाती त्यांनी प्रांतिक मंत्र्यांकडे, म्हणजे लोकांना जबाबदार असणाऱ्यांकडे दिली. वरवर पाहता ही मोठीच गोष्ट झाली. पण सोपविलेल्या घराच्या आतल्या खोलीची किल्ली सोपविणाऱ्याने आपल्याच कमरेला ठेवली. सिव्हिल सर्जनच्या ठराविक जागा आय. एम. एस. अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवल्या गेल्या, आणि त्यांची नेमणूक, पगार व हक्क यांवर अखेरचा शब्द विलायतेतील भारतमंत्र्याचा राहिला. मंत्री खात्याचा, पण खात्यातला वरिष्ठ डॉक्टर मंत्र्याचा नव्हे, असा तो प्रकार होता. या डॉक्टरांची बाजू मांडणारे वजनदार लोक लंडनमध्ये होते. ब्रिटिश मेडिकल असोसिएशन त्यांच्या हक्कांवर डोळ्यांत तेल घालून पहारा करी. हाताखालच्या हिंदी असिस्टंट सर्जनास असा कोणी वाली नव्हता. १९४७ च्या ऑगस्टमध्ये ती सेवा संपली. परंतु 'अधिकार खाली द्यावेत, रुग्णालय मात्र वरच ठेवावे' ही जी घडी तिने घालून दिली ती मोडली नाही.

याच काळात मुंबईत एक निराळा प्रयोग झाला, आणि त्याच्यापाशी थोडे थांबणे जरूर आहे. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देताना अट घातली की, तेथील अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले, पूर्ण पात्रतेचे हिंदी लोक असावेत. १९२६ साली परळला राजे एडवर्ड रुग्णालय, लोकांच्या भाषेत के. ई. एम., सुरू झाले ते या अटीसह, आणि मालकी सरकारची नव्हे तर मुंबई महापालिकेची. डॉ. जीवराज मेहता तेथील पहिले अधिष्ठाता. रुग्णालय स्थानिक स्वराज्याच्या हाती व त्यातील मोठे डॉक्टर मानद, असे हे जुळले. मानद डॉक्टर सकाळी रुग्णालयात तपासणी करी आणि संध्याकाळी आपल्या खाजगी दवाखान्यात पोटापाण्याचे पाही. त्याची चूल रुग्णालयाच्या पगारावर पेटत नव्हती, म्हणून पालिकेच्या कारभारावर टीका करताना त्याची जीभ अडखळत नसे. त्याच शहरात डॉ. गोपाळराव विनायक देशमुख हे शल्यविशारद १९२८ साली महापालिकेचे अध्यक्ष झाले. पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात जाऊन १९३७ चा हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता-हक्काचा कायदा त्यांनी करून घेतला, हे सर्वांस माहीत आहेच. मुंबईत डॉक्टर हा नगरपिता होऊ शकत होता, आणि नगरपिता हा रुग्णालयाचा मालक होता. मानद पद्धतीचे दोषही पुष्कळ होते. श्रीमंत रोग्याकडे डोळा ठेवणारे मानद डॉक्टर काय थोडे होऊन गेले! पण त्या पद्धतीत ज्येष्ठ डॉक्टरास तोंड होते, हे नाकारता येत नाही. पूर्णवेळ पगारी डॉक्टराची पद्धत जसजशी रूढ झाली तसतशी रोग्यांची सोय वाढली असेल. डॉक्टराचे तोंड मात्र नोकरीच्या नियमांनी बांधले गेले.

मराठवाड्याकडे हा मुंबईचा वारा पोहोचलाच नाही. हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यात आणि परभणी निजामाच्या राज्यात. त्या राज्यात वैद्यकशाळा १८४६ साली निघाली, शिक्षण उर्दूतून, आणि मुख्य रेसिडेन्सीचा सर्जन. पुढे उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले वैद्यकीय महाविद्यालयही उर्दूतूनच शिकवी. ज्येष्ठ डॉक्टराच्या शब्दाला तेथे वजन येत असे ते दरबारातील वजनावरून. डॉ. एडवर्ड लॉरी याचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. रेसिडेन्सी सर्जन व वैद्यकशाळेचा प्रमुख असलेल्या या गृहस्थाची खात्री होती की, क्लोरोफॉर्म देताना रोग्याच्या श्वासावर नजर ठेवली म्हणजे पुरे. नाडी पाहण्याचे कारण नाही. १८८८ साली त्याने हैदराबादेस क्लोरोफॉर्म कमिशन बसविले. त्याचा निष्कर्ष इंग्लंडात कोणी मानीना, तेव्हा निजाम सरकारने १००० पौंड देऊन 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय पत्राकडून लॉडर ब्रंटन या तज्ज्ञास बोलाविले, आणि १८८९ साली दुसरे कमिशन झाले. शेकडो जनावरांवर प्रयोग करून निकाल लॉरीच्या बाजूने लागला. क्लोरोफॉर्मने हृदय थेटही बंद पडू शकते, हे पुढच्या शतकात लेव्ही याच्या संशोधनाने निश्चित ठरले, म्हणजे लॉरीचे म्हणणे चुकीचे होते. एक डॉक्टर आपल्या मतासाठी एका राज्याचा खजिना उघडवू शकला. त्याच राज्यातल्या तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टरास खाट मागण्याचीही सोय नसावी, यात नवल नाही. दरबारी पद्धतीत प्रतिनिधी नसतो, मर्जीतला माणूस असतो. मर्जीतल्या माणसास त्याच्या बरोबरीचे लोक विचारीत नाहीत, म्हणून तो चुकला तरी चूक बराच काळ टिकते. ज्येष्ठ डॉक्टरांस वजन असावे असे म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांनी लॉरी विसरू नये.

स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना या प्रश्नाचा समग्र विचार एकदा झाला होता. १९४३ साली नेमलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. रोग होऊ नये म्हणून करावयाचे काम व झालेल्या रोगाचा उपचार ही दोन्ही एकाच यंत्रणेच्या हाती असावीत हा तिचा मुख्य आग्रह. जिल्ह्याच्या रुग्णालयात २५०० खाटा असाव्यात असे दूरच्या पल्ल्याचे चित्र तिने रंगविले, आणि मंत्र्याजवळ जाणकारांचे कायम सल्लागार मंडळ असावे अशीही सूचना केली. खाटांचे चित्र कागदावर राहिले म्हणून सारेच हळहळतात. सल्लागार मंडळ कागदावर राहिले त्याची हळहळ आम्ही कोठे फारशी वाचली नाही.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. मग वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या. मुंबई इलाख्याची लोकल बोर्डे, मध्यप्रांत-वऱ्हाडची जनपदे आणि हैदराबादची जिल्हा मंडळे अशी तीन निरनिराळ्या राज्यांची तीन बिऱ्हाडे या एका छपराखाली आली. नव्या परिषदांना जितके अधिकार महाराष्ट्राने दिले तितके त्या वेळी थोड्याच राज्यांनी दिले असतील, आणि त्याबद्दल यशवंतराव चव्हाणांच्या पिढीस श्रेय दिलेच पाहिजे.

पण आरोग्याच्या ताटात वाटणी कशी झाली ती पाहा. देवीच्या लसी, हिवताप, खेड्यातील दवाखाने, प्राथमिक आरोग्य केंद्रे, सुइणी व परिचारिका हे सर्व जिल्हा परिषदेकडे गेले. त्यांचा प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. तो परिषदेच्या आरोग्य समितीचा पदसिद्ध सचिव होतो. समितीत बसतो, सभासदांचे प्रश्न ऐकतो, उत्तरे देतो. सिव्हिल हॉस्पिटल मात्र राज्य सरकारकडे राहिले, आणि जिल्हा शल्यचिकित्सक थेट वरच्या आरोग्य खात्यास बांधलेला राहिला. याची कारणे होती. शवविच्छेदन, न्यायालयातील साक्ष, तुरुंगातील रोगी, सरकारी नोकरांचे प्रमाणपत्र ही कामे निवडून आलेल्या मंडळाच्या हाताखाली नसावीत असे वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय तज्ज्ञ डॉक्टर राज्यभर बदलीने फिरवावयाचे तर त्यांची सूत्रे एका जागी हवीत. कारणे रास्त असली तरी परिणाम चुकला नाही. ज्याचे काम लसीचे व स्वच्छतेचे, तो लोकप्रतिनिधींच्या टेबलापाशी बसला. ज्याचे काम शस्त्रक्रियेचे, तो त्या दालनाच्या बाहेर राहिला. आरोग्य केंद्रातून पाठविलेला रोगी ज्या दाराने रुग्णालयात शिरतो, त्याच दारापाशी जिल्हा परिषदेची हद्द संपते.

हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. तोपर्यंत जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन परभणीस. पाच तालुक्यांच्या या लहानशा जिल्ह्याला आपली जिल्हा परिषद मिळाली व आपला शल्यचिकित्सकही मिळाला, पण एका घरात नव्हे. हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय, कळमनुरी व वसमत येथील उपजिल्हा रुग्णालये एका ओळीत. प्राथमिक आरोग्य केंद्रे दुसऱ्या ओळीत. दोन्ही ओळी मुंबईत जाऊन मिळतात, जिल्ह्यात नव्हे. मराठवाड्याच्या मागासलेपणाची मोजदाद करताना दांडेकर समितीने १९८४ साली 'अनुशेष' हा शब्द घरोघर नेला, आणि आरोग्यसेवेचाही त्यात हिशेब केला. तो हिशेब संस्थांचा व सोयींचा होता. जागा मंजूर आहे पण माणूस नाही, माणूस आहे पण तो रमत नाही, या प्रकारचा अनुशेष मोजण्यास कोणाला तरी आतून बोलावे लागते.

आतून बोलण्यास नियमांची आडकाठी आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे सरकारी नोकराने सरकारी धोरणावर जाहीर टीका करावयाची नाही, निवडणुकीस उभे राहावयाचे नाही. हे नियम सर्वच नोकरांस आहेत, आणि ते नसावेत असे आमचे म्हणणे नाही. तेव्हा उरते ती संघटना. निवासी डॉक्टरांची 'मार्ड' आहे, वैद्यकीय अध्यापकांची निराळी संघटना आहे, आणि आरोग्य खात्यातील राजपत्रित वैद्यकीय अधिकाऱ्यांची 'मॅग्मो'. जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञ व प्राथमिक केंद्रातील तरुण डॉक्टर हे तिच्यात एकत्रच येतात. १ जुलै २०१४ पासून तिने राज्यभर संप केला. निवृत्तीचे वय, वेतन, बढती, कामाचे तास अशा मागण्या होत्या. सरकारने अत्यावश्यक सेवांचा कायदा पुढे केला. काही दिवसांनी तडजोड झाली. मागण्यांपैकी कित्येक न्याय्य होत्या असे आमचे मत आहे. परंतु संघटनेने मागावयाचे म्हणजे जे सर्वांस समान तेच मागावयाचे. कळमनुरीला क्ष-किरणाचे यंत्र बंद आहे, वसमतला रक्ताची साठवण हवी, अशा तऱ्हेच्या गोष्टी राज्यव्यापी मागणीपत्रकात बसत नाहीत. आणि संप हा असा प्रतिनिधी आहे की, तो बोलू लागला म्हणजे रोग्याला गप्प बसावे लागते.

दुसऱ्या देशांत हा प्रश्न कसा सुटला हे पाहू जाता विलायतेचे उदाहरण सहज समोर येते. ५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. रुग्णालये नगरपालिकांच्या हाती द्यावीत असा हर्बर्ट मॉरिसन यांचा पक्ष होता. आरोग्यमंत्री बेव्हन यांनी तो मानला नाही. रुग्णालयातील मोठे डॉक्टर नगरसेवकांच्या हाताखाली काम करण्यास राजी नव्हते, हे त्याचे एक मोठे कारण. म्हणजे रुग्णालय निवडून आलेल्या स्थानिक मंडळापासून दूर ठेवण्याचा निर्णय तेथेही झाला. फरक एवढाच की त्याची भरपाई तेथे ताबडतोब केली गेली. प्रादेशिक रुग्णालय मंडळांवर या डॉक्टरांस जागा मिळाल्या, खाजगी व्यवसायाची मुभा मिळाली, आणि सरकारशी बोलण्यासाठी त्यांची संयुक्त समिती उभी राहिली. पुढे १९९९ साली, म्हणजे हिंगोली जिल्हा झाला त्याच वर्षी, स्कॉटलंड व वेल्स यांना आपापली विधिमंडळे मिळून आरोग्याचा कारभार त्यांच्याकडे गेला. डॉक्टरांच्या संघटनेतही स्कॉटिश, वेल्श व उत्तर आयर्लंडच्या ज्येष्ठ रुग्णालयीन डॉक्टरांच्या समित्या वेगळ्या होत्या. त्याचा उपयोग लवकरच दिसला. २००२ च्या ऑक्टोबरात नव्या नोकरीकराराचा मसुदा मतास टाकला, तेव्हा स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडच्या डॉक्टरांनी तो पत्करला. इंग्लंड व वेल्सच्या डॉक्टरांनी झिडकारला. आणि पुढच्या वर्षी वेल्सने आपल्यापुरता निराळा करार करून घेतला. सत्ता जेथे उतरली तेथे प्रतिनिधीही उतरला, एवढेच यातून आम्हांस दाखवावयाचे आहे. तेथे रोग्यांच्या रांगा लांबच लांब आहेत, हेही खरे. सर्वच व्याधींवर हे औषध आहे असे कोणी समजू नये.

आपल्याकडे सत्ता उतरविण्याची दुसरी संधी १९९३ साली आली. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत तेविसावी नोंद आरोग्याची आहे, आणि तीत प्राथमिक केंद्रे व दवाखाने यांच्याबरोबर 'रुग्णालये' हा शब्द स्पष्ट घातलेला आहे. म्हणजे सिव्हिल हॉस्पिटल जिल्हा परिषदेकडे देण्यास घटनेची आडकाठी नव्हती. देण्याची सक्तीही नव्हती. महाराष्ट्राने १९६२ ची वाटणी तशीच ठेवली. जिल्हा नियोजन समिती १९९८ च्या कायद्याने आली. तिचे अध्यक्ष पालकमंत्री, आणि घटनेप्रमाणे तिचे निदान चार-पंचमांश सभासद जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या सभासदांनी आपल्यातून निवडलेले. रुग्णालयाच्या यंत्रांना व दुरुस्तीला जिल्ह्यातून पैसा मिळावयाचा तो येथूनच. शल्यचिकित्सक तेथे मागणी घेऊन येतो, मत देत नाही. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान निघाले व त्याबरोबर रुग्ण कल्याण समित्या आल्या. जिल्हा रुग्णालयाच्या समितीत शल्यचिकित्सक सदस्य-सचिव असतो. ही जागा खरी आहे, आणि दक्ष माणसाच्या हाती ती उपयोगी पडते. पण ती खर्च करण्याची जागा आहे. माणसे नेमणे व बदली करणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे.

जिल्ह्याच्या मुख्य डॉक्टरास निर्णय घेणाऱ्या मंडळाचा पदसिद्ध सभासद करणारा एक कायदा मात्र आहे, आणि तो शोधू जाता भलत्याच ठिकाणी सापडतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या पंचविसाव्या कलमात जिल्हा प्राधिकरणाची रचना दिली आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष, लोकप्रतिनिधी सहाध्यक्ष, आणि सभासदांत पोलीस अधीक्षकाच्या शेजारी जिल्ह्याचा मुख्य वैद्यकीय अधिकारी. पूर, भूकंप वा साथ आली म्हणजे त्याला मान मिळतो. २०२० च्या वसंतात करोनाची साथ हिंगोलीत राज्य राखीव दलाच्या जवानांपासून वाढली, तेव्हा सारा जिल्हा याच प्राधिकरणाच्या हुकमाने चालला, आणि डॉक्टरांचे म्हणणे अधिकाऱ्यांनी रोज ऐकले. साथ ओसरली आणि डॉक्टर पुन्हा आपल्या ओळीत जाऊन उभा राहिला.

इकडे ज्या सभागृहात त्यास जागा नव्हती ते सभागृहही रिकामे पडले. २०१७ साली निवडून आलेल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणुका लांबल्या, आणि कारभार प्रशासकाकडे गेला. आरोग्य समितीच नाही, तर तिचा सचिव कोणास उत्तर देणार? सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी साठ वर्षे जे अनुभवले ते आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांसही आता अनुभवावयास मिळाले, असे कोणी थट्टेने म्हणाले तर त्याला फारसा दोष देता येणार नाही.

आणि मग ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन एकदम झाले. जालना, बुलढाणा, वाशीम, गडचिरोली यांच्याबरोबर हिंगोलीचेही त्यात होते. मराठवाड्यास पहिले वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादेस १९५६ साली मिळाले होते, नांदेडचे १९८८ चे. जेथे छावणीचा दवाखाना होता त्या गावी शंभर विद्यार्थ्यांचा वर्ग भरू लागला, ही आनंदाची गोष्ट आहे. नांदेडची वाट धरणाऱ्या गाड्या कालांतराने कमी होतील अशी आशा धरण्यास जागा आहे. पण महाविद्यालय म्हटले की खाते बदलले. १९७० च्या सुमारास वैद्यकीय शिक्षणाचे संचालनालय आरोग्य खात्यापासून वेगळे झाले, तेव्हापासून महाविद्यालयाचा अधिष्ठाता व जिल्ह्याचा शल्यचिकित्सक ही दोन निराळ्या दालनांची माणसे आहेत. म्हणजे जिल्ह्याच्या आरोग्याला आता तीन धनी झाले, जिल्हा परिषद, आरोग्य खाते व वैद्यकीय शिक्षण खाते. जुने रुग्णालय नव्या महाविद्यालयास जोडताना काही काळ दोन्ही खात्यांचे डॉक्टर एकाच इमारतीत काम करतात, असा ठिकठिकाणचा अनुभव आहे.

घटनेच्या एकशे एकाहत्तराव्या कलमान्वये विधान परिषदेत शिक्षकांचे मतदारसंघ आहेत. माध्यमिक शाळेपासून वरच्या ठरविलेल्या संस्थांत तीन वर्षे शिकविले की मतदार होता येते, आणि महाराष्ट्रात असे सात आमदार आहेत. डॉक्टरांचा मतदारसंघ घटनेत नाही. तेव्हा महाविद्यालयात शल्यशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकाचे नाव तीन वर्षांनी मराठवाड्याच्या शिक्षक मतदारसंघाच्या यादीत चढू शकेल. त्याच टेबलाच्या पलीकडे उभा राहून शस्त्रक्रिया करणारा, आरोग्य खात्यात वीस वर्षे काढलेला शल्यचिकित्सक त्या यादीत बसणार नाही. आणि भूलतज्ज्ञाच्या रिकाम्या जागेसाठी त्याला अर्ज करावयाचा झाल्यास तो शल्यचिकित्सकामार्फत उपसंचालकांकडे व उपसंचालकांमार्फत मुंबईस, असाच पाठवावा लागेल.